शत्रूला पशू ठरवण्याची किंमत

१/ युद्धात द्वेष आपोआप पेटतो, असे मानले जाते. पहिल्या महायुद्धाचा इतिहास हा समज खोडून काढतो. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर अनेक ठिकाणी ब्रिटिश व जर्मन सैनिक खंदकांबाहेर आले, त्यांनी एकमेकांना तंबाखू दिली, मृतांना मूठमाती दिली. हा प्रकार पुन्हा घडू नये, यासाठी सेनाधिकाऱ्यांना सक्त हुकूम काढावे लागले.

२/ द्वेष पुरवावा लागत होता. त्याचा कारखाना ब्रिटनने सप्टेंबर १९१४ मध्येच उघडला होता: चार्ल्स मास्टरमन यांच्या हाताखालील, वेलिंग्टन हाउसमधील गुप्त प्रचारकचेरी.

३/ पहिली पायरी, शत्रूचे माणूसपण काढून घेणे. जर्मन माणूस ‘हूण’ झाला. ही उपमा मुळात कैसर विल्हेल्म यांचीच. १९०० मध्ये चीनकडे सैन्य पाठवताना त्यांनी ती अभिमानाने वापरली होती. १९१७ मधील एका अमेरिकी भित्तिपत्रकावर तर जर्मनी म्हणजे शिरस्त्राण घातलेला, स्त्रीला उचलून नेणारा गोरिला आहे. गोरिलाशी तह कोण करील?

४/ दुसरी पायरी, देवाला सैन्यात भरती करणे. जर्मन सैनिकाच्या पट्ट्यावर ‘देव आमच्यासोबत’ असे कोरलेले होते. लंडनचे बिशप विनिंग्टन-इन्ग्रम त्याच युद्धाला धर्मयुद्ध म्हणत होते. देव एकच, धर्मग्रंथही एकच.

५/ नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून जिहाद पुकारला गेला. तो ख्रिस्ती ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांच्याविरुद्ध होता. ख्रिस्ती जर्मनी व ऑस्ट्रिया मात्र मित्र! बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथे जर्मनीने १९१५ मध्ये मुस्लिम युद्धकैद्यांसाठी मशीद बांधली. ते कैदी फितवून आपल्या बाजूने लढवावेत, हा हेतू होता.

६/ मग १ ऑगस्ट १९१७ रोजी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी शांततेचा प्रस्ताव मांडला. दोन्ही बाजूंच्या सैन्यांत त्यांचे लाखो अनुयायी होते. तरीही प्रस्ताव बासनात गेला. युद्धाला देवाचे नाव हवे होते, उपदेश नको होता.

७/ येथे आक्षेप येतो: जर्मन सैन्य खरोखरच क्रूर वागले होते ना? होय. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधील दिनाँ येथे त्याने ६०० हून अधिक नागरिक ठार केले, ल्युव्हेनचे ग्रंथालय जाळले. नेमके म्हणूनच पुढचे असत्य अक्षम्य ठरते.

८/ एप्रिल १९१७ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापले की, जर्मन आपल्याच सैनिकांची प्रेते उकळून चरबी काढतात. ही कथा खोटी होती. १९२५ मध्ये ब्रिटिश सरकारने जर्मनीचा इन्कार संसदेत मान्य केला. लोक चिडले आणि बेल्जियममधील खऱ्या हत्यांवरचाही अनेकांचा विश्वास उडाला.

९/ १९४३ मध्ये पोलंडमधून विषारी वायूच्या कोठड्यांच्या बातम्या येत होत्या. ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनी त्यांवर शंका घेतली. त्यांना मागच्या युद्धातील तीच चरबीची कथा आठवली. या वेळी बातम्या खऱ्या होत्या.

१०/ ‘युद्धात सारे क्षम्य’ म्हणणारे प्रचाराचा हिशेब विजयाच्या दिवशी बंद करतात. तो तेथे संपत नाही. १९१७ च्या थापेचे देणे, त्या थापेशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांकडून १९४३ मध्ये वसूल झाले. शत्रूला पशू आणि स्वतःला देवदूत म्हणवणारे कोणतेही भित्तिपत्रक पाहताना हा हिशेब पुन्हा उघडावा, मग ते स्वपक्षाचे का असेना.