मारायचं नाही, नुसतं वाढवायचं?



उमरोळीच्या आमच्या जागेतलं तळं पावसाळ्यात मत्स्यबीजासाठी भाड्याने मागितलंय. दीर म्हणतात, "वहिनी, इथे मारायचं काहीच नाही. पिल्लं वाढवायची आणि द्यायची. उलट जीव जन्माला येतात!" जावांनीही मान हलवली. म्हणून लिहितेय.

आधी काम काय ते समजून घ्या. रोहू, कटला साठल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घ्यायची रीत यशस्वी केली. ती ग्रंथी दुसऱ्या माशाचं डोकं फोडून काढत. आता तयार हार्मोनचं इंजेक्शन मिळतं, म्हणून म्हणे हिंसा उरली नाही!

आणि पुढचं? अंड्यातून निघालेले जिरे तीनेक दिवस पोटाच्या पिशवीवर जगतात, मग संगोपन तळ्यात सोडतात. त्याआधी ते तळं आटवतात, नाहीतर मोहाची पेंड टाकून आधीचे मासे मारतात. मग तेल-साबणाचं मिश्रण पाण्यावर पसरतात. श्वासाला वर आलेले किडे गुदमरून मरतात. हे सगळं आमच्या तळ्यात! आणि वाढलेली बोटुकली कुठे जाणार? पांजरपोळात नक्कीच नाही.

पंधरा कर्मादानांत तळी आटवण्याचा धंदा नाव घेऊन वर्ज्य सांगितलाय. करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्हींनी कर्म बांधतं. भाडं घेणं हे करवणंच. पाणी गाळून पिणाऱ्या आपण, गाळलेल्या जीवांची काळजी करतो आणि पंचेंद्रिय जीवांचं भाडं मोजून घेणार?

शेजारच्या कोळी किंवा आदिवासी बहिणीच्या ताटाबद्दल मी बोलत नाही. तिचं पोट त्यावर आहे, आपलं नाही. तिच्या घरच्या होड्यासुद्धा १ जून ते ३१ जुलै किनाऱ्याला असतात. आणि आपण ऐन चातुर्मासात हे काम सुरू करायचं?

भाड्यातून मुलीची फी निघाली असती, हे खरं. पण जागेच्या कागदावर माझंही नाव आहे आणि माझी सही होणार नाही. फीचं दुसरीकडून बघू. तुमच्या घरात असा विषय निघाला तर "मारायचं नाही ना?" एवढंच विचारून थांबू नका. तळं आधी रिकामं कसं करणार, तेही विचारा.

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.