तिसरी बाटली

गावात दारूबंदीसाठी मतदान होते तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली की दुकान बंद. दारूविरुद्ध उभे राहण्याचा धडा साऱ्या महाराष्ट्राला देणारे राळेगणसिद्धी आपल्याच जिल्ह्यातले. पण घरोघरी फडताळात एक तिसरी बाटली असते. तिच्याविषयी कोणी मत मागत नाही. ती खोकल्याच्या औषधाची.

गेल्या हिवाळ्यात माझे थोरले चुलते तिच्यापायी जाता जाता वाचले. रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी देऊन तात्यांची छाती भरली. डॉक्टरांनी कोडीन असलेले औषध दिले. झोपेची गोळी दुसऱ्या डॉक्टरांकडून आधीच चालू होती. त्यात थंडी मोडायला म्हणून गुपचूप घेतलेली एक क्वार्टर. पहाटे चुलतीने हाका मारल्या, तात्या उठेनात. श्वास अगदी संथ, ओठ काळेनिळे. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "दारू घेतात का?" आम्ही एका सुरात म्हणालो, "नाही हो, माळकरी घर आहे आमचं!" शेवटी चुलतीच पदराआडून खरे बोलली.

फेब्रुवारी 2017 मध्ये पांगरमलला माणसे मेली ती बनावट दारूने. 2025 मध्ये छिंदवाड्याची बालके दगावली, तेव्हा औषधातच डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. तात्यांच्या बाबतीत मात्र भेसळ कशातच नव्हती. औषध चोख, गोळी चोख, दारूही दुकानातली. तिन्ही एकत्र आली एवढेच.

कोडीन हे अफूच्या कुळातले. यकृतात त्याचे काही प्रमाणात मॉर्फिन होते आणि ते मेंदूतील श्वासाचे केंद्र मंदावते. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी आणि मद्य वेगळ्या वाटेने तेच करतात. कोडीन नसलेली औषधेही निर्धोक नाहीत. क्लोरफेनिरामीनची गुंगी दारूने वाढते. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे नैराश्यावरील काही गोळ्यांशी घातक वैर आहे.

कायदा नाही असे नाही. 1 मार्च 2014 पासून कोडीन, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे 'एच-1' अनुसूचीत आहेत. वेष्टनावर लाल चौकट आणि दुकानदाराकडे विक्रीची नोंदवही, ती तीन वर्षे जपायची. पण त्या वहीत दारूचा रकाना नाही. तो रकाना आपल्या जिभेवरच हवा.

कोणी म्हणेल, ही औषधे बंदच करा. मला ते पटत नाही. औषध रोग्याच्या कामाचे आहे. घातक आहे ती आपली खोटी अब्रू. डॉक्टरांनी नातेवाइकांना बाहेर बसवून, न रागावता विचारावे. आणि आपण खरे सांगावे. दारू वाईट आहेच. पण ती लपवणे त्याहून वाईट. त्या पहाटे तात्यांच्या जिवावर उठलेल्यांत आम्हीही होतो, हे मी विसरू शकत नाही.

मित्रहो, आपण कला शाखेचे. औषधशास्त्र आपले नव्हे, पण वाचणे तर आपलेच ना? वेष्टनावरची बारीक इंग्रजी अक्षरे घरातल्या वडीलधाऱ्यांना लागत नाहीत. या सुट्टीत घरी गेलात की फडताळ उघडा, सगळ्या बाटल्या आणि गोळ्या पुढ्यात मांडा, वाचून दाखवा. आणि डॉक्टरांकडे जाताना त्या साऱ्या पिशवीत घालून न्या. चौथी, लपवलेली बाटली असेल, तर तिचेही नाव सांगा.