गरम पाण्याचं कुंड आणि आपली हया

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बसणारा एक मुलगा आज जपानमध्ये इंजिनिअर आहे. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि तो अडखळत म्हणाला, "सर, ऑफिसची सहल हाकोनेला चाललीय. तिथं सगळे ओन्सेनमध्ये उतरतात. अंगावर काहीच न ठेवता. मी काय करू? अब्बांना विचारलं तर नोकरी सोडून परत ये म्हणतील, म्हणून तुम्हाला विचारतोय."

मी आधी हसलो आणि मग "तौबा, तौबा" म्हणालो. फोन ठेवल्यावर वाटलं, त्यानं विचारलं होतं मनापासून आणि मी उत्तर दिलं चेष्टेत. म्हणून आधी नीट वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत फोन केला.

ओन्सेन म्हणजे जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचं स्नानगृह. जपानमध्ये त्यासाठी 1948 सालापासून कायदा आहे. उगमाशी पाणी किमान 25 अंश तरी हवं, किंवा त्यात ठरावीक खनिजं हवीत. दारावर पडदे असतात, बहुधा पुरुषांचा निळा आणि बायकांचा लाल. आत गेल्यावर सगळे कपडे उतरवायचे, छोट्या स्टुलावर बसून साबणानं अंग स्वच्छ धुवायचं, साबणाचा कणही राहू द्यायचा नाही आणि मगच कुंडात उतरायचं. हातातला छोटा टॉवेलसुद्धा पाण्यात बुडवायचा नाही, म्हणून कित्येक जण तो डोक्यावर ठेवतात. पोहण्याचे कपडे बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. पाणी सगळ्यांचं, ते कपड्यांनी घाण होऊ नये, हा विचार. आणि कुणी कुणाकडे टक लावून बघायचं नाही.

पाण्याआधी पाक होण्याची ही शिस्त वुजू आणि गुस्ल करणाऱ्या माणसाला परकी वाटू नये. अडचण आहे ती सतरची. नाभीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग पुरुषानं पुरुषासमोरही उघडा करू नये, असं आमचे बहुतेक उलेमा सांगतात. आम्ही कोकणातले शाफई असोत की घाटावरचे हनफी, या बाबतीत फारसा फरक नाही. बायकांनाही बायकांसमोर ही मर्यादा आहेच. हमामात लुंगीशिवाय जाऊ नये, अशी हदीस आहे. तुर्की हमामात आजही कमरेला पेश्तेमाल गुंडाळतात. इतकंच काय, आपण मय्यतला गुस्ल देतो तेव्हाही तिच्यावर चादर असते आणि हात चादरीखालून फिरतो. ज्याला आता लाज वाटणार नाही, त्याचीही लाज आपण राखतो. हे ज्या पोरानं लहानपणापासून पाहिलंय, त्याला "चार लोकांत मिसळायचं तर एवढं चालतं" असं मी सांगू शकत नाही. मी त्याला सांगितलं, "बेटा, तसा उतरू नकोस."

पण हे अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं माझ्यासाठी आणि तुमच्यासाठी आहे.

"ते लोक बेशरम आहेत" हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. हेच वाक्य जपान्यांनी आधीही ऐकलंय. 1854 मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी आपली जहाजं घेऊन शिमोदाला आला. तिथं बायका-पुरुष एकाच स्नानगृहात आंघोळ करताना दिसले. त्याच्या मोहिमेचा वृत्तान्त 1856 मध्ये छापला, त्यात त्या स्नानगृहाचं चित्र होतं आणि जपान्यांच्या नीतीबद्दल कडक शब्दही. पुढं मेइजी सरकारनं शहरांमधल्या मिश्र स्नानावर बंदी घातली, त्यामागं परदेशी लोक काय म्हणतील ही भीतीही होती. पाहुण्यानं चित्र काढलं आणि लाज वाटून घेतली यजमानानं. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, बायकांना त्यानंतर. हया समोरच्याच्या अंगावर शोधण्याआधी आपल्या डोळ्यांत शोधायची असते.

आपल्या मुलींच्या डोक्यावरच्या ओढणीकडे कुणी बोट दाखवलं की आपण म्हणतो, "आमचा रिवाज समजून घ्या." मग दुसऱ्याचा रिवाज समजून घेताना आपली जीभ का घसरते? अर्थात, समजून घेणं दोन्ही बाजूंनी हवं. 2013 मध्ये होक्काइदोत एका माओरी बाईंना चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळं ओन्सेनमध्ये प्रवेश नाकारला होता. नियम गुंडांच्या गोंदणासाठी, अडकली एक पाहुणी. यजमानानंही समोर कोण उभं आहे हे पाहायला हवं.

आणि आपल्याकडच्या गरम पाण्याच्या कुंडांवर काय चालतं? अंगावर कपडे असतात, पण पाण्यात साबणाचा फेस, काठावर शाम्पूच्या पुड्या आणि कुणीतरी मोबाइल धरून उभा. झाकलेल्या अंगानंही बेशरम होता येतं.

त्या मुलाला मी तीन वाटा सांगितल्या. हाकोनेत पोहण्याच्या कपड्यांत उतरता येईल असंही एक मोठं ठिकाण आहे. बऱ्याच ठिकाणी तासाच्या हिशेबानं खासगी कुंड भाड्यानं मिळतं, त्याला काशिकिरि म्हणतात. आणि नुसते पाय बुडवून बसायची सोय असते, ती आशियु. मात्र चड्डी घालून त्यांच्या सार्वजनिक कुंडात हट्टानं उतरू नकोस, तो त्यांचा अपमान होईल. आणि कारण सांगताना "आमच्यात चालत नाही" एवढंच सांग, "तुमचं वाईट आहे" असं सांगू नकोस.

त्यानं खासगी कुंड घेतलं. थोडे जास्त पैसे गेले. नंतर आशियुवर पाय सोडून बसला, तिथं दोन सहकारी येऊन बसले आणि रोज्याबद्दल विचारत राहिले, असा त्याचा मेसेज आला.

हे सगळं त्याची परवानगी घेऊन लिहितोय. त्याचे अब्बाही हे लेख वाचतात. भाईजान, पोरानं तुमची मान खाली जाईल असं काही केलेलं नाही. आज रात्री त्याला एक फोन करा.