रिंगजवळचा डॉक्टर कुणाचा?

२ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मागोमेद अब्दुसलामोव्ह हा दागेस्तानचा हेवीवेट बॉक्सर क्यूबाच्या माइक पेरेझशी दहा फेऱ्या लढला. त्याआधीच्या अठराही लढती त्याने नॉकआउटने जिंकल्या होत्या. या लढतीत मात्र पहिल्याच फेरीत चेहऱ्यावर जबर तडाखा बसला आणि तिथून सूज वाढतच गेली. शेवटची घंटा वाजली तेव्हा तो हरला होता, पण स्वतःच्या पायांवर उभा होता. डॉक्टरांनी त्याला तपासले, जखमेला टाके घातले. लघवीच्या नमुन्यात रक्त दिसल्यावर रुग्णालयात जाण्याचा सल्ला मिळाला. तो आणि त्याची माणसे टॅक्सी करून गेली. रुग्णालयात कळले की मेंदूत रक्ताची गाठ आहे. तो कोमात गेला. जीव वाचला, पण चालणे गेले, बोलणे जवळजवळ गेले. त्याला तीन लहान मुली होत्या.

ही लढत कुठल्या गल्लीबोळात झाली नव्हती. न्यू यॉर्क राज्यात बॉक्सिंगवर सरकारी आयोगाची देखरेख १९२० पासून आहे. त्या रात्रीचे डॉक्टर आयोगाने नेमलेले होते, निरीक्षक आयोगाचा होता, परवाने आयोगाने दिलेले होते. तरीही डोक्यावर दहा फेऱ्या मार खाल्लेल्या माणसाला टॅक्सीत बसावे लागले. सरकारी देखरेख म्हणजे आपोआप मिळणारे कवच नव्हे, हे या घटनेने दाखवून दिले. पण पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. राज्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली आणि २०१६ मध्ये अहवाल देऊन आयोगाच्या त्रुटी जाहीरपणे मांडल्या. २०१७ मध्ये राज्याने त्याच्या कुटुंबाला २ कोटी २० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. त्याआधी, २०१६ मध्येच, राज्याने कायदा करून मेंदूला जीवघेणी इजा झाल्यास प्रत्येक लढवय्यासाठी दहा लाख डॉलरचा विमा सक्तीचा केला होता. चूक झाली, पण ती कुणाची हे ठरवता आले आणि चुकलेल्याला उत्तर द्यावे लागले.

आता बंगळुरूकडे या. जुलै २०२२ मध्ये तिथल्या किकबॉक्सिंगच्या स्पर्धेत मैसूरचा २३ वर्षांचा तरुण डोक्याला मार लागून कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. रुग्णवाहिका नव्हती, पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार होती. पोलिसांनी आयोजकांवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. एवढेच आपल्या हातात होते. माणूस गेल्यावर गुन्हा नोंदवायचा. त्याआधी तिथे डॉक्टर कोण असावा, त्याला लढत थांबवण्याचा अधिकार असावा की नाही, लढणाऱ्याच्या मेंदूची तपासणी कधी झाली होती, हे विचारण्याचे काम कायद्याने कुणाकडेच दिलेले नव्हते.

महाराष्ट्राने स्वतःला वेगळे समजू नये. मार्च २०१२ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम झाला आणि पिंजऱ्यातली मिश्र मार्शल आर्ट्स (एमएमए) मुंबईने जवळून पाहिली. ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीत बॉक्सर विजेंदर सिंग चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीशी लढला, सभागृह भरून गेले. त्यानंतर अशा रात्री वाढल्या. मुंबई-पुण्याच्या उपनगरांत तळमजल्यावरच्या जिममध्ये किकबॉक्सिंग आणि एमएमए शिकणारी मुले दिसतात. त्यांतली बरीचशी कुस्तीच्या किंवा कराटेच्या वर्गातून आलेली असतात. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसी या एमएमए भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या स्पर्धेत लढत जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली आणि या मुलामुलींना रस्ता दिसला. आयची-नागोयाच्या आशियाई क्रीडास्पर्धेत या खेळाला जागा मिळाल्यावर तो आणखी रुंद होईल. ही चांगली गोष्ट आहे. आम्ही या खेळावर बंदी मागत नाही.

बंदी मागणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे हलके नाही. जागतिक वैद्यकीय संघटना कित्येक वर्षांपासून बॉक्सिंगवर बंदीची मागणी करते आहे. समोरच्याच्या डोक्यावर प्रहार करणे हेच ज्या खेळाचे उद्दिष्ट आहे, तो इतर खेळांसारखा नाही, हे मान्य केलेच पाहिजे. कुस्तीत मान मुरगळते, खांदा निखळतो. पण डाव मेंदूवर टाकलेला नसतो. तरीही न्यू यॉर्कचा अनुभव बंदीच्या विरुद्ध जातो. त्या राज्याने १९९७ मध्ये व्यावसायिक एमएमएवर बंदी घातली आणि ती २०१६ पर्यंत ठेवली. त्या काळात हौशी म्हणवणाऱ्या लढती मात्र चालूच राहिल्या, कारण कायद्याची नजर फक्त व्यावसायिकांवर होती. ज्यांना सर्वांत जास्त संरक्षण हवे होते ती कोवळी मुले सर्वांत कमी देखरेखीखाली लढत होती.

याच खेळाचा जन्म देखरेखीच्या अभावातून झाला आहे. यूएफसीचा पहिला कार्यक्रम १२ नोव्हेंबर १९९३ रोजी कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमध्ये झाला, आणि त्या वेळी कोलोरॅडोत बॉक्सिंगचा सरकारी आयोगच नव्हता. वजनगट नव्हते, पंचांचे गुण नव्हते. चावायचे नाही, डोळ्यांत बोटे घालायची नाहीत, एवढेच काय ते निषिद्ध. सिनेटर जॉन मॅकेन यांनी त्याला माणसांची कोंबडझुंज म्हटले आणि राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहिली. राज्यामागून राज्याने दारे लावली, केबलवाल्यांनी प्रक्षेपण थांबवले. ज्या धंद्याला नियम नको होते, त्याला शेवटी नियमांच्याच दारात जावे लागले. न्यू जर्सीच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने सप्टेंबर २००० मध्ये आपल्या देखरेखीखाली लढतींना परवानगी दिली आणि एप्रिल २००१ मध्ये सगळ्यांना बसवून एकसमान नियम लिहून काढले. पाच मिनिटांच्या फेऱ्या, साध्या लढतीला तीन आणि जेतेपदाला पाच. वजनगट, हातमोजे, निषिद्ध प्रहारांची लांबलचक यादी आणि लढत थांबवण्याचा रेफरीचा अधिकार. आज अब्जावधी डॉलरचा असलेला हा उद्योग त्या नियमांवर उभा आहे. नियम आले की खेळ मरतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास पाहावा.

नियम एकदा लिहून फाइलीत बंद करायचे नसतात. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा बॉक्सर डुक कू किम चार दिवसांनी गेला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने जेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आणल्या. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात चीनचा एमएमए लढवय्या यांग जियान बिंग लढतीआधी वजन उतरवताना गेला. त्याच्या आयोजक संस्थेने शरीरातले पाणी काढून वजन घटवण्यालाच मनाई केली आणि लघवीची तपासणी सुरू केली. उलट दिशेनेही बदल होतात. सरळ वरून खाली मारलेल्या कोपराला २००१ पासून मनाई होती. राज्य आयोगांच्या संघटनेने चर्चा करून २०२४ मध्ये ती उठवली. कोणता प्रहार मेंदूला घातक आणि कोणता नुसता भयंकर दिसतो, हे सांगणारी माहिती जमवायला कुणीतरी कायमचे बसलेले असावे लागते. वजन उतरवण्याचा प्रश्न तर आपल्या कुस्तीच्या तालमींनाही परका नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी तोडून, अंगावर गरम कपडे घालून धावणारा पोरगा कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही वस्तादाला ठाऊक आहे. फरक इतकाच की पाणी आटलेल्या मेंदूवर कुस्तीत ठोसे बसत नाहीत.

अमेरिकेतल्या व्यवस्थेकडून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट एका प्रश्नात आहे: रिंगजवळचा डॉक्टर कुणाचा? तिथे डॉक्टर, रेफरी आणि पंच आयोग नेमतो. त्यांच्या मानधनाचा खर्च बहुतेक वेळा आयोजकावरच पडतो, पण माणूस निवडण्याचा हक्क त्याला नसतो. ही बारीकशी वाटणारी तरतूद सगळ्या सुरक्षेचा पाया आहे. मुख्य लढत तिसऱ्या फेरीत थांबवली तर आयोजकाचे नुकसान होते, प्रेक्षक ओरडतात, दूरचित्रवाणीची वेळ रिकामी राहते. त्या क्षणी हात वर करणाऱ्या डॉक्टरला पुढच्या कार्यक्रमाचे बोलावणे त्याच आयोजकाकडून यायचे असेल, तर त्याचा हात जड होणारच. ही माणसाच्या स्वभावातली गोष्ट आहे. तिच्यासाठी डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. नॉकआउट झालेल्या बॉक्सरला एका राज्याने वैद्यकीय कारणासाठी थांबवले की इतर राज्यांनीही त्याला रिंगमध्ये उतरू द्यायचे नाही, असे १९९६ च्या संघराज्य कायद्याने ठरवले. प्रत्येक बॉक्सरला ओळखपत्र आणि लढतींची नोंद सक्तीची केली. आपल्याकडे मुंबईत शनिवारी बेशुद्ध पडलेला तरुण दोन आठवड्यांनी दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या आयोजकाकडे उतरला तर त्याला अडवणारी एकही सरकारी नोंद नाही. पहिल्या मारातून मेंदू सावरला नसताना बसलेला दुसरा मार जीव घेतो, हे वैद्यकशास्त्र केव्हाचे सांगते आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. २००० च्या मुहम्मद अली कायद्याने बॉक्सिंगमध्ये आयोजक आणि व्यवस्थापक एकच असू नये, लढतीतून आयोजकाला काय मिळाले हे बॉक्सरला कळावे, दबावाखाली करून घेतलेल्या दीर्घ करारांना आळा बसावा, अशी व्यवस्था केली. हा कायदा एमएमएला लागू नाही, आणि त्याचा परिणाम दिसतो: कराराने बांधलेल्या लढवय्यांनी यूएफसीविरुद्ध मक्तेदारीचा दावा लावला, तो ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला आणि तिला न्यायालयाची मान्यता २०२५ मध्ये मिळाली. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसमध्ये बॉक्सिंगचा हा कायदा बदलण्याचे विधेयक आले. मानांकन, जेतेपदे आणि आयोजन एकाच संस्थेच्या हाती ठेवण्याचा पर्याय त्यात आहे. त्या बदल्यात प्रत्येक फेरीमागे किमान मानधन आणि वैद्यकीय विमा देऊ केला आहे. आमच्या मते हा सौदा बॉक्सरच्या हिताचा नाही. विमा ही त्याची हक्काची गोष्ट आहे. तिच्यासाठी करारातली मोकळीक गहाण टाकायला लावू नये. कॅलिफोर्नियाने दाखवलेला मार्ग अधिक माणुसकीचा आहे. तिथे १९८२ पासून व्यावसायिक बॉक्सरांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी आहे आणि त्यात तिकिटामागे काही सेंट जमा होतात. प्रेक्षकाला ते जाणवतही नाहीत.

अमेरिकेतल्या या व्यवस्थेतला दोषही झाकायला नको. डिसेंबर २०१८ मध्ये यूएफसीचा लढवय्या जॉन जोन्स याच्या उत्तेजक चाचणीत संशयास्पद अंश सापडल्यावर नेवाडाच्या आयोगाला इतक्या घाईने परवाना देता येईना, तेव्हा यूएफसीने सहा दिवसांवर आलेला अख्खा कार्यक्रम लास वेगासमधून उचलून कॅलिफोर्नियात नेला. तिथे परवाना मिळाला होता. कार्यक्रमाच्या महसुलासाठी राज्ये एकमेकांशी स्पर्धा करू लागली की सर्वांत सैल नियमांचे राज्य जिंकते. भारतात हेच होईल. मुंबईत कडक नियम केले तर तीच लढत पणजीत किंवा बंगळुरूत होईल. म्हणून अपात्रतेची नोंद आणि किमान वैद्यकीय अटी सगळ्या राज्यांना समान हव्यात.

पण त्याची वाट पाहत महाराष्ट्राने थांबण्याचे कारण नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत तेहतिसाव्या नोंदीत खेळ आणि करमणूक आहेत. अधिकार राज्याचाच आहे. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मान्यताप्राप्त क्रीडा महासंघांचा कारभार पाहतो, तिकीट लावून खासगी लढती भरवणाऱ्याचा नाही. आपल्याकडे अशा रात्रीला लागू होतात ते महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खालचे, सार्वजनिक करमणुकीच्या जागांना आणि कार्यक्रमांना परवाने देण्याचे १९६० चे नियम. ते मेळे आणि तमाशे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत.

आणि नियम लिहायला आपल्याला येत नाही, असेही नाही. बैलगाडा शर्यतींसाठी याच राज्याने २०१७ मध्ये कायदा केला आणि नियम केले: जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, धावपट्टीच्या लांबीला मर्यादा, धावण्याआधी पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये तो कायदा टिकवला. दहीहंडीच्या गोविंदांसाठी विम्याची सोय झाली. बैलाची तपासणी व्हायलाच हवी. तिथे पशुवैद्यकाचा दाखला लागतो, आणि ज्या माणसाच्या डोक्यावर ठरवून ठोसे बसणार आहेत त्याला डॉक्टरचा दाखला लागत नाही, ही स्थिती एक दिवसही चालू ठेवणे आम्हाला असह्य वाटते.

गृह आणि क्रीडा विभागांनी नवा आयोग, नवी इमारत आणि नवा अध्यक्ष यांत वर्षे घालवू नयेत. सार्वजनिक करमणुकीच्या याच परवान्याला जोडून अटी घालता येतील. लढण्याआधीची डोळ्यांची आणि मेंदूची तपासणी, नॉकआउटनंतर ठरावीक दिवसांची सक्तीची विश्रांती, तिची राज्याच्या नोंदवहीत नोंद, सभागृहाच्या दारात सज्ज रुग्णवाहिका आणि आधीच कळवून ठेवलेले, मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय. रुग्णवाहिका निघून गेली तर ती परत येईपर्यंत पुढची लढत सुरू होणार नाही, हेही त्यात लिहावे. हौशी म्हणून भरवलेल्या लढतींना यातून सूट नको. लहान आयोजकांना हा खर्च जड जाईल, न्यू यॉर्कमध्येही विम्याच्या खर्चाची तक्रार झाली. तिथे शासनाने खर्चाचा वाटा उचलावा, अटी सैल करू नयेत. आणि डॉक्टर व रेफरी यांचे मानधन आयोजकाने कार्यक्रमाच्या आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात भरावे, नावे शासकीय रुग्णालयांच्या आणि मान्यताप्राप्त पंचांच्या यादीतून त्या कार्यालयाने काढावीत, आणि कोण येणार हे आयोजकाला लढतीच्या दिवशीच कळावे.