जाळी नीट करणारे हात



चर्चची गाडी यात्रेला निघाली की आपण सगळे तिच्याभोवती गोळा होतो. फादर पवित्र पाणी शिंपडतात, कोणीतरी आरशाला नवी रोझरी अडकवते, प्रभूची प्रार्थना होते आणि गाडी सुटते. हे सारे चांगले आहे आणि यापुढेही व्हावे. पण गाडीचे ब्रेक ऑइल कोणी पाहिले का, हा प्रश्न त्या गर्दीत कोणी विचारत नाही. आम्हीही कधी विचारला नव्हता. आज आम्ही त्याबद्दलच लिहीत आहोत, आणि आधी आमची चूक कबूल करून मगच पुढचे सांगणार आहोत.

आम्ही म्हणजे चर्चच्या गाडीची जबाबदारी घेतलेले चार स्वयंसेवक, तीन पुरुष आणि एक भगिनी. गाडी म्हणजे एका कुटुंबाने दिलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. दर रविवारी ती येळ्ळूर आणि आसपासच्या गावांतल्या वृद्धांना वडगावमार्गे बेळगावला मिस्साला आणते. अडीअडचणीला आजाऱ्यांना दवाखान्यात नेते. वर्षातून एकदोनदा यात्रेला जाते. लांबच्या प्रवासात म्हाताऱ्यांना आडवे होता यावे म्हणून मागच्या दोन सीट काढून आम्ही तिथे बाक बसवला होता. पाण्याची टाकी, चहासाठी लहान सिलिंडर आणि शेगडी, पंख्यासाठी दुसरी बॅटरी, हेही आम्हीच हौसेने बसवले होते. लोक कौतुकाने म्हणायचे, 'हे तर फिरतं घरच केलासा की ओ!' आम्हाला ते ऐकून बरे वाटायचे.

संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला असतो. त्यासाठी अकरा वृद्धांना घेऊन आम्ही जांबोटी, कणकुंबीमार्गे जुन्या गोव्याला निघालो होतो. चोर्ला घाट उतरताना एका वळणावर ब्रेकचे पेडल एकदम मऊ झाले आणि तळाला गेले. गाडी चालवणारा आमच्यातलाच होता. त्याने गियर खाली आणत, हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घासून कशीबशी थांबवली. कोणाला इजा झाली नाही. गाडीत कोणी ओरडलेही नाही. सगळ्यांचा रोझरी म्हणण्याचा आवाज तेवढा थांबला होता.

अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा लागू लागला. 'चमत्कार झाला,' असे आमच्यातला एकजण म्हणाला. आम्ही सर्वांनी 'आमेन' म्हटले आणि पहिल्या गियरमध्ये हळूहळू घाट उतरलो. बेळगावला परतल्यावर गाडी नेहमीच्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी ब्रेक ऑइलचे झाकण उघडले. आतले ऑइल कोऱ्या चहासारखे काळे झाले होते. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, 'हे शेवटचं कधी बदललासा?'

आम्ही एकमेकांकडे पाहिले. उत्तर कोणाकडेच नव्हते. रोझरी कितीदा बदलली ते आम्ही सांगू शकलो असतो.

त्यानंतर काही महिन्यांनी बेळगावात प्रवासी गाड्यांची देखभाल-दुरुस्ती शिकवणारा सहा दिवसांचा एक वर्ग असल्याचे कळले. गाडीत झोपण्याची, स्वयंपाकाची सोय केली असेल तर तिची काळजी कशी घ्यावी, हेही त्यात होते. आता अशा गाड्यांकडे लोकांचा ओढा वाढतो आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी आणले. आम्ही चौघांनी नावे दिली.

वर्गात टुरिस्ट गाड्या चालवणारी निपाणीकडची मुले होती, गोकाककडचे ड्रायव्हर होते. शिकवणारे सर अर्धे कन्नडमध्ये, अर्धे मराठीत बोलत. पण 'पाना' म्हटले की सगळ्यांचा हात एकाच वस्तूकडे जाई. भाषेवरून एवढे तापणाऱ्या आपल्या या सीमाभागात, एका बॉनेटखाली सात-आठ डोकी एकत्र वाकलेली पाहून आम्हाला फार समाधान वाटले. पहिल्या दिवशी एका ड्रायव्हरने आमच्यातल्या भगिनीला विचारले होते, 'ताई, तुम्ही इथं कशाला?' तिसऱ्या दिवशी तोच म्हणत होता, 'ताई, जरा मीटर लावून बघता काय?'

सर्वांत आधी आम्ही चोर्ला घाटाबद्दल विचारले. सरांनी समजावले ते असे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेते. 'डॉट ३' प्रकारचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात थोडे पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबून चाकाजवळचे भाग तापतात, ऑइल उकळते आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून तो पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचवतो. वाफ मात्र दाबली जाते, आणि आपला जोर तिथेच संपतो. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते आणि ब्रेक लागतो.

म्हणजे ज्याला आम्ही चमत्कार म्हटले, ती थंड झालेली वाफ होती. त्या दिवशी देवाची दया आमच्यावर होती, यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. डोंगराची बाजू होती, समोरून गाडी आली नाही, चालवणाऱ्याने डोके शांत ठेवले. पण आमच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालायला आम्ही चमत्कार हा शब्द वापरला, आणि तेच आम्हाला टोचते. ऑइल दोन वर्षांनी बदलावे आणि ज्या गियरने घाट चढतो त्याच गियरने उतरावा, एवढ्या दोन साध्या गोष्टी पाळल्या असत्या तर ती वेळच आली नसती.

दुसरा धडा टायरचा. आमच्या टायरची नक्षी चांगली होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. सरांनी टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचायला शिकवले. २३१४ असे असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. घरी येऊन आमचे आकडे वाचले आणि गप्प बसलो. रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. सोमवार ते शनिवार गाडी एका जागी उन्हात उभी असते. गाडी चालून झिजते हे आम्हाला माहीत होते, पण उभी राहूनही ती खराब होते हे नव्याने कळले. आपल्या विश्वासाचेही तसेच असते. वापरात नसलेला विश्वास बाहेरून नवा दिसतो, पण भार पडला की त्याच्या भेगा दिसतात.

तिसरा धडा आमच्या 'फिरत्या घरा'चा होता, आणि त्याने आमचा अभिमान पार उतरवला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता खाली जमिनीलगत साचतो, म्हणून हवा जाण्याची वाट खालच्या बाजूला ठेवावी लागते. आमची खिडकी वरती होती. बॅटरीची तार थेट पंख्याला जोडलेली होती, मधे फ्यूज नव्हता. आत तार घासून उघडी पडली असती तर आग लागायला तेवढे पुरेसे होते. शिवाय नोंदणीत लिहिलेल्या गाडीत असे मोठे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये ते सांगितले आहे. त्याच आठवड्यात आम्ही सिलिंडर आणि शेगडी काढून टाकली. बॅटरीपाशी फ्यूज बसवला. बाकाच्या परवानगीचे काय करायचे ते विचारायला आरटीओ कार्यालयात गेलो. आता चहा थर्मासमधून जातो. एक आजी अजून कुरकुरतात, 'गाडीतला चहाच बरा होता बघ.' आम्ही हसतो आणि त्यांना दुसरा कप देतो.

वर्गाच्या त्या दिवसांत आम्ही रोज रात्री मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचत होतो. त्या एकाच अध्यायात दोन प्रसंग आहेत. पहिल्यात सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी मारायला सांगतो, देवदूत झेलतील असे शास्त्रवचनही ऐकवतो. देवाची अशी परीक्षा पाहायची नाही, हे प्रभूचे उत्तर आहे. काळे ब्रेक ऑइल घेऊन, आरशाला रोझरी बांधून अकरा म्हाताऱ्यांसह घाट उतरणे म्हणजे दुसरे काय होते? आम्ही त्याला श्रद्धा म्हणत होतो, पण ती शिखरावरून मारलेली उडीच होती.

दुसरा प्रसंग एकविसाव्या वचनात येतो. प्रभू समुद्रकिनाऱ्याने चालला आहे आणि जब्दीचे मुलगे, याकोब आणि योहान, तारवात बसून जाळी नीट करीत आहेत. त्यांना त्याच क्षणी बोलावणे येते. तेव्हा ते दुरुस्तीच्या कामात होते. मूळ ग्रीकमध्ये जाळी नीट करण्यासाठी जे क्रियापद आहे, 'कातार्तीझो', तेच पौलाने गलतीकरांस ६:१ मध्ये वापरले आहे. चुकलेल्या भावाला सौम्यतेने ताळ्यावर आणा, असे तो तिथे सांगतो. पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करण्याविषयी इफिसकरांस ४:१२ मध्ये जो शब्द आहे, तोही याच धातूपासून आलेला आहे. फाटलेले जाळे शिवणे, पडलेल्या माणसाला सावरणे आणि मंडळीला सेवेसाठी तयार करणे, या तिन्हींसाठी पवित्र शास्त्राला एकच शब्दकुळी पुरली. मग पाना हातात धरलेला माणूस सेवेच्या बाहेर कसा?

तरीही आमच्या मंडळीत काही शंका आल्या. त्या विचारणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. एक शंका अशी होती, की हे मेस्त्रीचे काम आहे, तुम्ही कशाला? ते खरेच आहे, आणि सहा दिवसांत आम्ही मेस्त्री झालो नाही. ब्रेक खोलण्याचे काम आम्ही आजही त्यांच्याकडेच देतो. आम्ही शिकलो ते पाहायला, ओळखायला आणि वेळेवर गाडी त्यांच्याकडे न्यायला. ते पाहणे मात्र आमचेच काम होते, आणि ते आम्ही वर्षानुवर्षे केले नाही.

दुसरी शंका पैशाची होती. वर्गाच्या फीचे पैसे गरिबांना दिले असते तर? आम्ही यावर खूप विचार केला. ज्यांच्या दारात गाडी आहे ते चर्चच्या गाडीत बसत नाहीत. चर्चच्या गाडीत बसतात त्या एकट्या राहणाऱ्या आजी, डायलिसिसला जाणारे काका, शेतमजुरी करणारी कुटुंबे. त्यांच्या जिवाची काळजी हेच गरिबांसाठी केलेले दान आहे. फुकट गाडी देतो म्हणून ती कशीही चालेल, असे आपल्या मनात कुठेतरी असते. गरिबांना फुकट देतानाही ते चांगले, सुरक्षित असेच दिले पाहिजे, असे आम्हाला आता ठामपणे वाटते.

तिसरी गोष्ट कोणी उघड बोलत नाही, पण ती आहे. काळे हात आपल्याला कमीपणाचे वाटतात. मुलगा इंजिनिअर झाला तर पेढे, मेकॅनिक झाला तर खाली मान. नासरेथच्या लोकांनीही 'हा तो सुतारच ना' असेच नाक मुरडले होते (मार्क ६:३). उद्यमबागेच्या कारखान्यांत आपल्या भागातल्या कितीतरी जणांनी याच काळ्या हातांनी घरे चालवली आहेत. ज्या तरुणांना ही वाट धरायची असेल त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ग्रामीण तरुणांना मोफत शिकवणाऱ्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थाही आहेत. १९८२ मध्ये उजिरे येथे सुरू झालेल्या आपल्या कर्नाटकातल्याच एका संस्थेच्या धर्तीवर त्या पुढे देशभर निघाल्या. आपल्या चर्चमध्ये करिअरवर बोलायला डॉक्टर आणि बँक अधिकारी येतात. एखाद्या वर्षी मेस्त्रींनाही बोलवावे.

म्हणून प्रत्येक मंडळीला आमची नम्र विनंती आहे. गाडी असेल तर निदान दोघांना तिची देखभाल शिकायला पाठवा, त्यांत एक भगिनी असू द्या. गाडीत एक वही ठेवा. ऑइल, ब्रेक ऑइल, टायर, बॅटरी यांच्या तारखा त्यात लिहा आणि वही फादरांना दाखवा. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी बॉनेट उघडा, आणि सकाळी प्रार्थना करा. दोन्ही करा, एक वगळू नका.

आमच्या आरशाला आजही रोझरी आहे. तिच्या शेजारच्या कप्प्यात वही आहे. गेल्या रविवारी येळ्ळूरहून परतताना एका आजींनी ती उघडून पाहिली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारले, 'ह्यात काय लिहिलंयसा रे?' आम्ही म्हणालो, 'आजी, तुम्ही सुखरूप घरी पोचावं म्हणून काय काय केलं ते लिहिलंय.' त्यांनी वही कपाळाला लावली आणि परत जागेवर ठेवली.

प्रभू आपणा सर्वांचे जाणे-येणे सांभाळो, आणि त्यासाठी आपल्या हातांना लागेल ते काम करण्याची नम्रता देवो. आमेन.