पांढऱ्या टोपीची किंमत

परवा धाकटी बहीण माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन आली. भाचीला बारावीनंतर शेफ व्हायचे आहे. प्रत्येक पत्रकावर उंच पांढरी टोपी आणि ‘शंभर टक्के नोकरी’ची हमी. ‘‘दादा, यातली चांगली कुठली?’’ बहिणीने विचारले. मला चटकन उत्तर देववेना. चार वर्षांपूर्वी माझ्याच मुलाच्या बाबतीत मी फसलो होतो.

तेव्हा मी संस्थेचा वातानुकूलित स्वागतकक्ष पाहिला. भटारखाना पाहिला नाही. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून शुल्क भरले. पुढे कळले, एका शेगडीभोवती आठ मुले. एकाने परतायचे, बाकीच्यांनी वहीत उतरवून घ्यायचे! शेवटी हाती आले ते संस्थेनेच छापलेले प्रमाणपत्र. हॉटेलातल्या मुलाखतीत त्याला कांदा चिरायला दिला, आणि त्याचा हात अडखळला.

एके काळी मुलगा आचारी होणार म्हटले की घरात सुतक पडे. 2010 साली दूरचित्रवाणीवर ‘मास्टरशेफ इंडिया’ आले आणि या पेशाला घराघरांत प्रतिष्ठा मिळू लागली, हे चांगलेच झाले. पण गिऱ्हाईक वाढले की दुकानेही वाढतात.

वास्तविक हे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. मुंबईत दादरचे ‘केटरिंग कॉलेज’ 1954 साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने सुरू झाले. 1982 मध्ये केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याच्या अखत्यारीत राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिच्याशी संलग्न संस्थांतील पदवी अभ्यासक्रमासाठी देशभर एकच प्रवेश परीक्षा घेतली जाते. ज्यांना पदवीपेक्षा हातातले कसब लवकर हवे, त्यांच्यासाठी परिषदेच्या फूड क्राफ्ट संस्थांमधून कमी मुदतीचे अभ्यासक्रमही आहेत.

खासगी संस्था सगळ्याच वाईट, असे मुळीच नाही. मात्र पदवी कोण देणार, हा पहिला प्रश्न. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः जाहीर करतो. ती आधी पाहावी.

दुसरा प्रश्न शेगडीचा. एका शेगडीमागे किती विद्यार्थी? आठवड्यात प्रात्यक्षिकाचे तास किती? साहित्याचा खर्च शुल्कात धरला आहे की वेगळा? शिकवणाऱ्याने हॉटेलच्या स्वयंपाकघरात किती वर्षे काढली? प्रशिक्षणासाठी हॉटेलात पाठवतात तेव्हा मुलांना तिथे शेगडीपाशी उभे करतात, की महिनोन्‌महिने नुसती भाजी सोलायला बसवतात? याची उत्तरे कार्यालयात मागू नयेत. गेल्या वर्षी बाहेर पडलेली दोन मुले गाठावीत. नोकरी लागली का एवढेच नव्हे, तर ती कुठे, किती पगारावर आणि किती दिवस टिकली, तेही विचारावे. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत आपण उचलले पाहिजे.

गेल्या आठवड्यात भाचीला घेऊन एका संस्थेत गेलो. गृहस्थांनी चहा दिला, चित्रफीत दाखवली. भाचीने विचारले, ‘‘उद्या प्रात्यक्षिक चालू असताना आम्ही येऊ का?’’ ‘‘तशी आमच्याकडे पद्धत नाही,’’ ते म्हणाले.

जिना उतरता उतरता ती म्हणाली, ‘‘मामा, इथं नको.’’