रकाने भरले, निर्णय कुठे आहे?

सप्टेंबर हा सभांचा महिना. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ३० सप्टेंबर जवळ येऊ लागला की नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात विकास सोसायट्या, पतसंस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या नोटिसा एकापाठोपाठ एक निघतात. नेमक्या याच दिवसांत चाळीतला उन्हाळ कांदा निवडून बाहेर काढला जात असतो आणि मे महिन्यात तो विकायचा की ठेवायचा याबद्दल घेतलेला निर्णय बरोबर होता की चूक, हे उमराण्याच्या बाजारातल्या लिलावात कळत असते. संस्थेचा ताळेबंद आणि शेतकऱ्याचा ताळेबंद एकाच वेळी समोर येतात. तरी सभेत पहिल्यावर टाळ्या पडतात आणि दुसऱ्याची चर्चा सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर होते.

अलीकडे या सभांपुढच्या वार्षिक अहवालांत आणि त्याआधीच्या प्रकल्प अहवालांत एक पान हमखास असते. चार रकान्यांचे. बलस्थाने, उणिवा, संधी, धोके. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘स्वॉट’ म्हणतात. बलस्थानांत सुपीक जमीन आणि कष्टाळू शेतकरी, उणिवांत भांडवलाची कमतरता, संधींत निर्यात, धोक्यांत हवामानबदल. गावाचे नाव खोडून तिथे निफाड किंवा येवल्यातले गाव घातले तरी एक ओळ बदलावी लागणार नाही. बँकेला आणि अनुदान देणाऱ्या कार्यालयाला हे पान हवे असते, म्हणून ते जोडले जाते. मंजुरी मिळाली की फाइल कपाटात जाते. नियोजनाची चौकट निरुपयोगी आहे, असे म्हणण्याची ही वेळ नव्हे. पण चौकट भरणे म्हणजे नियोजन करणे, हा समज मात्र मोडायला हवा. ज्या रकान्यातून एकही निर्णय निघत नाही आणि जो रकाना वर्षभराने पुन्हा कोणी उघडत नाही, त्याची किंमत छपाईच्या खर्चाएवढीच असते.

हा दोष देवळ्याचा किंवा शेतकऱ्यांचा नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतील संशोधन संस्था आणि व्यवस्थापनाच्या वर्गांतून ही पद्धत घडली आणि जगभर पसरली. टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या दोन अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या वीस कंपन्यांनी केलेली अशी विश्लेषणे तपासली आणि १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. याद्या लांबलचक होत्या, शब्द मोघम होते, कोणता मुद्दा अधिक महत्त्वाचा हे ठरवलेले नव्हते आणि पुढच्या टप्प्यांत त्या याद्यांचा वापर कोणीच केला नव्हता. सदोष मोटारगाडी कंपनीने परत मागवावी तशी ही पद्धत परत मागवा, असे त्यांनी लेखाच्या मथळ्यातच सुचवले होते. सल्लागारांची फौज बाळगणाऱ्या कंपन्यांची ही गत, तर एका व्यवस्थापकाच्या आणि अर्धवेळ हिशोबनिसाच्या जोरावर चालणाऱ्या गावच्या कंपनीकडून वेगळी अपेक्षा कशी ठेवायची? ठेवायची, कारण तिला चूक परवडत नाही.

आता एक रकाना प्रामाणिकपणे भरून पाहू. बलस्थानांत बहुतेक कंपन्या लिहितात, ‘सभासदांकडे कांदा चाळी आहेत.’ समजा, मे महिन्यात क्विंटलला १,२०० रुपये भाव चालू असताना सभासदाने १०० क्विंटल कांदा चाळीत टाकला. सप्टेंबरपर्यंत वजनातली घट, सड आणि कोंब यांत ३० टक्के गेले, तर हाती उरतात ७० क्विंटल. मे महिन्यातल्या १ लाख २० हजारांची बरोबरी करायची, तर आता क्विंटलला किमान १,७१४ रुपये मिळायला हवेत. त्यात निवडणीची मजुरी नाही, चाळीचा खर्च नाही, पीककर्जावरचे व्याज नाही आणि निवडताना वेगळी पडलेली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, कमी भावात जाते तेही धरलेले नाही. हे सारे धरले तर चाळ हे बलस्थान आहे की अडकलेले भांडवल, याचे उत्तर दरवर्षी वेगळे येईल. ते ठरते घटीच्या टक्क्यावर, आणि टक्का कळतो चाळीत जाताना व बाहेर येताना वजन केले तरच. किती कंपन्यांकडे पन्नास सभासदांच्या चाळींची अशी नोंद आहे? ती नसेल तर ‘साठवणूक क्षमता’ या बलस्थानाला आकड्याचा आधार नाही. लासलगावला २००२ पासून कांद्यावर विकिरणाची प्रक्रिया करणारे केंद्र उभे आहे. तिथपर्यंत माल न्यायचा का, की चाळीची हवा खेळती करण्यावर पैसे घालायचे, हा निर्णयही याच टक्क्यावर घेता येईल.

दुसरा रकाना धोक्यांचा. त्यात ‘शासनाचे बदलते धोरण’ असे तीन शब्द असतात. ते खरे आहेत, पण अपुरे. नुसत्या तारखा मांडून पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, ती उठली मार्च २०२० मध्ये. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, ती उठली जानेवारी २०२१ मध्ये. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, डिसेंबरात थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही संपले. ही यादी वाचून दोन गोष्टी दिसतात. बहुतेक निर्बंध ऑगस्ट ते डिसेंबर या काळात, म्हणजे चाळीतला माल संपत आलेला आणि लाल कांदा पुरेसा आलेला नसताना, शहरातला भाव चढू लागला की लागतात. आणि ते लागतात तेव्हा तयारीला वेळ मिळत नाही. ज्या घटनेला ऋतू आहे, तिच्यापुढे हतबल होण्याचे कारण नाही. तिचे वेळापत्रक करता येते. संचालक मंडळाने मे महिन्यातच ठराव करावा की ऑगस्टच्या अखेरीस साठ्याचा अमुक हिस्सा विकलेला असेल, भाव काहीही असो. निर्यातीचा सौदा करताना बंदी आली तर माल कुठे वळवायचा, हे आधी लिहून ठेवावे. मग धोका कागदावरून कामात उतरतो.

तिसरा रकाना संधींचा, आणि तो सर्वांत फसवा. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत केंद्र सरकार राखीव साठ्यासाठी कांदा घेते. २०२४-२५ साठी हे उद्दिष्ट पाच लाख टनांचे होते, पुढच्या वर्षी तीन लाख टनांचे झाले. नाशिक जिल्ह्यातल्या अनेक उत्पादक कंपन्यांचा व्यवसाय या खरेदीभोवती उभा राहिला आहे. अहवालात ती ‘संधी’ म्हणून येते. पण खरेदीदार एकच, प्रमाण आणि दर तोच ठरवणार, आणि एका वर्षात उद्दिष्ट दोन लाख टनांनी खाली येऊ शकते, अशा व्यवसायाला संधी म्हणायचे की परावलंबन? अनुदानाचेही तसेच. दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याच्या २०२० च्या केंद्रीय योजनेत प्रत्येक संघटनेला व्यवस्थापन खर्चापोटी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत मदत आहे. चौथ्या वर्षी व्यवस्थापकाचा पगार कोणत्या उलाढालीतून निघणार, हा प्रश्न पहिल्याच वर्षीच्या सभेत विचारला गेला पाहिजे. पुढे विचारला तर उशीर झालेला असतो.

स्वॉटच्या जोडीला आणखी एक चौकट शिकवली जाते. मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेली पाच बळांची. तिचा एरवीचा उपयोग मोठ्या उद्योगांसाठी सांगितला जातो, पण ती उमराण्याच्या बाजार आवारात उभे राहून वाचली तर अधिक लवकर समजते. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या या बाजारात विकणारे शेकडो आणि बोली लावणारे मोजके. म्हणजे खरेदीदाराचे बळ मोठे. बियाणे, खत, मजूर पुरवणाऱ्यांपुढे एकटा शेतकरी दुबळा. मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात यांचा कांदा दिल्लीच्या वाटेवर आधीच उभा. परदेशात पाकिस्तानी आणि इजिप्तच्या मालाशी सामना. आणि शेजारच्या गावची कंपनी त्याच खरेदीदाराकडे तोच माल घेऊन जाणार. इतके पाहिल्यावर ‘आम्हीही कांदा खरेदी करून विकू’ हा व्यवसाय आराखडा का कोसळतो, ते कळते. अशी कंपनी बाजारात आणखी एक खरेदीदार वाढवते, पण शेतकऱ्याची ताकद वाढवत नाही. ताकद वाढते ती निविष्ठांची एकत्र खरेदी, प्रतवारी आणि घटीची नोंद असलेला, कधी किती मिळेल हे सांगता येणारा माल यातून. अशा मालासाठी खरेदीदार जास्त मोजतो, कारण त्याचीही जोखीम कमी होते.

कसमादेच्या, म्हणजे देवळा आणि शेजारच्या तालुक्यांच्या, मातीत याचे धडे आधीच गिरवले गेले आहेत. डाळिंबाने या भागात पैसा आणला, तेव्हा बागांवर बागा वाढत गेल्या. तेल्या रोग आला आणि त्याच बागा मुळासकट काढाव्या लागल्या. एका पिकावर, एकाच रोपवाटिकेच्या साखळीवर सगळे टेकले आहे, हा धोका लिहिला कोणी नव्हता असे नाही, त्यावर निर्णय घेतला नव्हता. विठेवाडीचा वसंतदादा पाटील सहकारी साखर कारखाना, आपला ‘वसाका’, कर्जात रुतला, बंद पडला, राज्य सहकारी बँकेच्या ताब्यात गेला आणि पुढे भाडेतत्त्वावर चालवायला द्यावा लागला. त्याच्या कारणांची चर्चा राजकारणावर येऊन थांबते. पण गिरणेच्या खोऱ्यातला ऊस किती वर्षे किती मिळेल, पावसाने दगा दिला आणि शेतकरी दुसऱ्या पिकाकडे वळला तर गाळपाचा खर्च कोण भरणार, हा निव्वळ धंद्याचा प्रश्न आहे. यंत्रसामग्रीचे हप्ते ऊस येवो न येवो चालूच राहतात. आज प्रक्रिया उद्योगाचे, कांदा भुकटीचे, शीतगृहाचे प्रस्ताव घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कंपनीने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

उलट उदाहरणही जिल्ह्यातच आहे. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही उत्पादक कंपनी २०११ ची. त्याच्या आदल्याच वर्षी युरोपने भारतीय द्राक्षांतील रसायनाच्या अंशावर बोट ठेवल्याने निर्यातदार आणि बागायतदार पोळले होते. त्या वर्षाने द्राक्षपट्ट्याला शिकवले की खरी कमजोरी बागेतल्या फवारणीच्या नोंदीत आहे, भाव हा त्यानंतरचा प्रश्न. सह्याद्रीने द्राक्षाच्या निर्यातीतून सुरुवात केली, मग टोमॅटोवर प्रक्रिया आणि इतर फळे-भाज्या अशी पावले टाकली. २०२२ मध्ये तिच्या व्यवसायात युरोपीय गुंतवणूकदारांचे ३१० कोटी रुपये आले. प्रत्येक कंपनीने सह्याद्री व्हावे, असा त्याचा अर्थ नाही. कांद्याला द्राक्षासारखी बाजारपेठ नाही आणि देवळ्याला मोहाडीचे पाणीही नाही. घेण्यासारखे आहे ते एवढेच की ज्या गोष्टीने नुकसान केले, तिच्यावरच आधी काम झाले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो बिनबुडाचा नाही. शेतकऱ्याला हे सारे कळतेच. पाणी कधी सुटेल, चणकापूरच्या कालव्याचे आवर्तन किती दिवस टिकेल, रांगडा कांदा करायचा की उन्हाळ, याची गणिते तो तोंडी करतो. मग इंग्रजी आद्याक्षरांची ही सोंगे कशाला? उत्तर असे की एकट्याच्या शेतात तोंडी गणित चालते, कारण निर्णय त्याचा आणि नुकसानही त्याचेच. तीनशे सभासदांच्या पैशातून निर्णय घेतला जातो, तेव्हा तो का घेतला हे लिहिलेले असावे लागते. नाहीतर फायदा झाला की अध्यक्षांची दूरदृष्टी आणि तोटा झाला की सरकार आणि निसर्ग, अशी वाटणी होते आणि पुढच्या वर्षी त्याच चुका नव्या संचालकांच्या नावावर होतात.

म्हणून यंदाच्या सभांत अहवाल मंजूर करण्यापूर्वी सभासदांनी एकच आग्रह धरावा. गेल्या वर्षीच्या अहवालातले ते चार रकाने मोठ्याने वाचून दाखवा. त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे सांगा की त्यावरून कोणता निर्णय घेतला, कोणी अंमलात आणला आणि आकड्यांत काय झाले. ज्या ओळीपुढे सांगायला काही नाही, ती खोडा. पुढच्या वर्षासाठी फक्त तीन ओळी लिहा, पण प्रत्येकीपुढे आकडा, तारीख आणि जबाबदार व्यक्ती असू द्या. आणि एक ओळ ‘यंदा आपण काय करणार नाही’ याची. गोदाम बांधणार नाही, किंवा एकाच सरकारी खरेदीवर निम्म्याहून जास्त उलाढाल ठेवणार नाही, जे ठरेल ते. १९९९ मध्ये तालुका झाल्यावर देवळ्याला कार्यालये मिळाली, पुढे योजना आल्या, कंपन्याही आल्या. आता विचारणारे सभासद हवेत. ते असतील तर चार रकान्यांचे साधे पानसुद्धा कामाला येईल, आणि ते नसतील तर सल्लागाराने केलेला शंभर पानांचा अहवालही टाळ्यांपुरताच उरेल.